सीझन तिकीट: पुढची रांग की बाल्कनी?

भाचीला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या ऑर्केस्ट्राच्या अख्ख्या सीझनचं तिकीट काढायचंय. खुर्ची वर्षभर तीच राहणार, म्हणून अडलंय: पुढे बसू की बाल्कनीत?

आधी आवाजाचं. पुढे व्हायोलिन्स अगदी अंगावर येतात. बो, म्हणजे वाजवायचा गज, तारेला टेकतानाची खरखरही ऐकू येते. पण बासरी, ओबो, हॉर्न ही फुंकून वाजवायची वाद्यं त्यांच्यामागे झाकली जातात. बाल्कनीत भिंती-छतावरून परतलेला आवाज एकजीव होऊन पोचतो. संगीतकार राव्हेलचं १९२८ सालचं 'बोलेरो' तर वरूनच ऐकावं. स्नेअर ड्रमचा, म्हणजे छोट्या कडकडत्या ढोलाचा, एकच ठेका पहिल्यापासून चालू असतो, त्यावर एकेक वाद्य येत जातं आणि कोणाची पाळी आली ते वरून दिसतंही. बेथोव्हनच्या नवव्या सिम्फनीत (सिम्फनी म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) कोरस, म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा, सगळ्यांच्या मागे उभा असतो. पुढच्या रांगेतून तो धड दिसत नाही.

पियानो कॉन्चेर्टोला, म्हणजे एकटा पियानोवादक ऑर्केस्ट्रासोबत वाजवतो त्या रचनेला, मात्र पुढची डावी बाजूच हवी. वादकाची बोटं तिथूनच दिसतात, आणि ती बघताना माझं मन कधी भरत नाही.

बाल्कनी बहुधा स्वस्त पडते. जिने चढावे लागतात, एवढंच.

तर भाचीला माझं सांगणं: सीझनमध्ये सिम्फनी जास्त असतील तर बाल्कनी घे. एकल वादकांवर जीव असेल तर पुढे, डावीकडे. आजीला सोबत नेणार असशील तर तळमजल्यावर मध्यावर बसा. बाल्कनीच्या खाली फार मागे नको, तिथे आवाज दबतो.