गोड नारळक्रीम: डब्यातलं घ्यावं की घरी करावं?

दोन्ही भरपूर वापरून झाल्यावर लिहितोय. विषय 'क्रीम ऑफ कोकोनट'चा आहे, म्हणजे साखर घातलेल्या क्रीमचा. 'कोकोनट क्रीम' बिनसाखरेचं असतं. दुकानात ही दोन नावं हमखास गल्लत करायला लावतात, तेव्हा लेबल वाचूनच घ्या.

डब्याचा मान मोठा आहे. पिन्या कोलाडा, म्हणजे रम, अननस आणि नारळक्रीमचं कॉकटेल, कॅरिबियनमधल्या पोर्तो रिकोत याच क्रीमवर घडलं आणि 1978 साली तिथलं अधिकृत पेय झालं. बर्फ घालून मिक्सरमधून फिरवल्यावर डब्यातल्या क्रीमचा जो मऊ, एकजीव फेस येतो, तो घरच्याला तितका येत नाही. निदान मला तरी अजून जमलेला नाही.

माझं घोडं अडलं पुण्याच्या थंडीत. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजतं. हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवणं आपल्याला नवं नाही. डिसेंबरात आम्ही चौघं गच्चीवर बसलो होतो. डबा फोडला तर वर मेणासारखा पांढरा थर आणि खाली पातळ पाक. पहिल्या दोन पेल्यांत नुसता पाक गेला, पुढच्या दोघांच्या वाट्याला गुठळ्या आल्या. डबा कोमट पाण्यात ठेवून ढवळला की क्रीम पुन्हा जुळून येतं, हे खरं. पण पेल्याला लागतं 30 मिली आणि डबा असतो सव्वाचारशे ग्रॅमचा. उरलेलं बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं की असं घट्ट होतं की चमचा रुतत नाही. दर वेळी बरणी शेकत बसायचा मला मनापासून कंटाळा आला.

थिजतं घरचंही, पण ते मी लागेल तेवढंच करतो. 200 मिली दाट नारळाचा रस (टेट्रापॅकमधला चालतो), 120 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ढवळायचं. उकळी आली की रस फाटतो. गार झाल्यावर मिक्सरमधून एकदा फिरवायचं. गोडी आपल्या हातात राहते, आणि अननस आधीच गोड असेल तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

घरी दहा-बारा जण येणार असतील तर डबाच आणा, तो एका बैठकीत संपेल. एरवी मी रसाचंच पाकीट घेतो. परवा अर्धं उरलं होतं, त्यात गूळ-वेलची घालून शिरवाळ्यांबरोबर खाल्लं. कधी त्याचीच सोलकढी होते. साखर आधीच पडलेल्या डब्यातून ती कशी करणार?