आईच्या पेसमेकरमधला हालचाल मोजणारा सेन्सर : उपयोग होतो का खरंच?

पेसमेकर घेताना आपण दोनच गोष्टी विचारतो, बॅटरी किती वर्षं जाणार आणि पुढे एमआरआय करायची वेळ आली तर चालेल का. आम्हीही तेवढंच विचारलं. त्या डबीच्या आत अ‍ॅक्सिलरोमीटर असतो, मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरते ती ज्याच्यामुळे, त्याच जातीचा सेन्सर, आणि तो पेशंट दिवसभरात किती हलतोय हे मोजत बसतो, हे आम्हाला ऑपरेशनच्या आधी कोणी धड सांगितलंच नाही. कोटेशनवर ‘डीडीडीआर’ असं लिहिलेलं होतं आणि त्यातला शेवटचा ‘आर’, म्हणजे ‘रेट रिस्पॉन्स’, हालचालीप्रमाणे ठोके वाढवणं, ती हीच भानगड. आता बऱ्यापैकी वापर झालाय, दर फॉलोअपला रिपोर्टमध्ये नाक खुपसून काही गोष्टी कळल्यात, म्हणून लिहितेय. आईला कुठल्या कंपनीचा बसवलाय ते मुद्दाम सांगत नाही, कारण सेन्सर थोड्याफार फरकाने सगळ्यांकडे असतो.

आधी आईचं सांगते. सत्तरी ओलांडलेली, सिक सायनस, म्हणजे हृदयाला ठोके द्यायचं मूळ केंद्रच मंद झालेलं. बसून असली की ठीक, पण चालायला लागलं की आपले ठोके जसे आपोआप वाढतात तसे तिचे वाढायचेच नाहीत. देवळापर्यंत गेली की पायरीवर टेकायची, डोळ्यापुढे अंधारी. साधा पेसमेकर ठोके ६० च्या खाली जाऊ देत नाही, पण ६० वर चढ चढायचा म्हणजे दमछाक ठरलेली. सेन्सर इथे कामाला येतो. छाती हलायला लागली, म्हणजे माणूस चालतोय असं समजून तो ठोके वाढवतो, थांबलं की हळूहळू खाली आणतो.

पण एक गोष्ट पहिल्यांदाच सांगते, बसवला आणि झालं असं नसतं. सुरुवातीला आईला फारसा फरकच जाणवला नाही, आम्हाला वाटलं पैसे पाण्यात. मग चेकअपला टेक्निशियनने छातीवर वँड, म्हणजे पेसमेकरशी बोलणारा दांडा, ठेवून मशीन जोडलं आणि म्हणाला, “आजी, पॅसेजमधून जरा नेहमीसारखं चालून या.” आई डॉक्टरांसमोर असते तशी तुरुतुरु चालायला लागली, तर म्हणतो, “असं नाही, घरी चालता तसं.” घरच्या चालीने चालल्यावर ठोके जेमतेम सत्तरीत. त्याने सेन्सर थोडा जास्त संवेदनशील केला, परत चालायला लावलं, तर नव्वदीच्या पुढे गेले, आणि आई पॅसेजच्या टोकावरूनच म्हणते, “आता कसं, अंगात जोर आल्यासारखा वाटतोय.” सगळा मिळून दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. म्हातारी माणसं पाय घासत सावकाश चालतात, छाती फारशी हलत नाही, त्यामुळे कारखान्यातून आलेलं सेटिंग त्यांना पुरतंच असं नाही. हे चालून बघणं आपण मागितल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी होत नाही, तर मागून घ्या.

आता याच्या खोड्या. सेन्सर मोजतो हालचाल, कष्ट नाही, आणि सगळी गंमत इथेच आहे. बागेत म्युनिसिपालटीने ओपन जिम केलंय, त्यातल्या सायकलवर आई बसली की पाय फिरतात पण छाती जागच्या जागी, त्यामुळे ठोके वाढत नाहीत आणि ती दोन मिनिटांत थकते. याउलट भाकऱ्या थापायला बसली की खांद्यापासून अंग हलतं, तेव्हा हा भाई समजतो बाई फिरायला निघाली. जिन्याचं तर उलटंच आहे, हे डॉक्टरांनाही चांगलं माहितीय, नुसत्या हालचालीवर चालणाऱ्या सेन्सरमध्ये जिना उतरताना ठोके चढतानापेक्षा जास्त वाढू शकतात कारण उतरताना शरीराला हिसके जास्त बसतात. म्हणून काही मॉडेलमध्ये जोडीला श्वासाचा वेग मोजणारा दुसरा सेन्सर देतात. पेशंट सायकल चालवणारा असेल, वजन उचलायचं काम असेल, तर हे नक्की विचारा.

गावाकडच्या रस्त्याला वडापमध्ये बसलं की काय होतं हा प्रश्न आमच्या घरात सगळ्यांनी विचारला. त्याला थोडा इतिहास आहे. या प्रकारचा पहिला पेसमेकर मेडट्रॉनिक कंपनीचा अ‍ॅक्टिव्हिट्रॅक्स, १९८० च्या दशकातला, त्यात डबीच्या आतून एक पिझोइलेक्ट्रिक क्रिस्टल चिकटवलेला असायचा आणि तो कंपनं पकडायचा, त्यामुळे खड्ड्यातून गाडी गेली किंवा कोणी डबीवर टिचकी मारली तरी ठोके वाढायचे. आताचा अ‍ॅक्सिलरोमीटर शरीराच्या संथ हालचालीकडे जास्त लक्ष देतो, चालताना होते तशा. त्यामुळे फरक खूप आहे, तरी आमच्याकडचे रस्ते बघता आईला अधूनमधून धडधड जाणवते आणि गाडी थांबली की थोड्या वेळात बसते. डॉक्टर म्हणाले, काळजी नको, वरची मर्यादा आपण ठरवून दिलेली आहे त्याच्या पुढे सेन्सर नेणार नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे रिपोर्टमधला आलेख. रोज ठराविक पातळीच्या वर हालचाल किती वेळ झाली ते हा साठवून ठेवतो आणि पुढे छापून देतो, दिवसाला इतके तास अशी रेघ. मेडट्रॉनिकच्या कार्डिअ‍ॅक कंपास नावाच्या रिपोर्टमध्ये तर १४ महिन्यांपर्यंतचं दिसतं. घड्याळ घेऊन दिलं होतं आम्ही आईला, पावलं मोजणारं, ते टीव्हीच्या वर पडून आहे, चार्जिंग संपलेलं. याला ना चार्जिंग ना आठवण. आणि ओपीडीत “काय आजी, कसंय?” “बरंय” हा जो संवाद चालतो ना, त्याला हा एकच उतारा आहे. आईच्या आलेखात पावसाळ्यात रेघ खाली, कारण वाटेवर चिखल म्हणून देवळात जाणं बंद, दिवाळीत फराळाच्या गडबडीत रेघ वर. एवढं सगळं तिथे दिसतं.

पण एकदा रेघ चांगल्या कोरड्या हवेतही खाली गेली, आठवड्यामागून आठवडे. डॉक्टर गंभीर झाले, पायाला सूज बघितली, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करायला लावली, तीही व्यवस्थित. मग घरी आल्यावर बहिणीने खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की गुडघा धरलाय, आणि ऑपरेशन सांगतील म्हणून बाई गप्प. म्हणजे सेन्सरने बरोबरच सांगितलं होतं की ही कमी चालतेय. का चालत नाही ते त्याला कुठून कळणार, ते माणसानेच विचारायला लागतं. तरी तो आलेख नसता तर आम्ही गुडघ्यापर्यंत पोचलोच नसतो, आणखी वर्षभर “बरंय” वर चाललं असतं.

या आकड्याला डॉक्टर लोक महत्त्व देतात त्याला कारण आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास छापून आला, आयसीडी म्हणजे शॉक देणारं यंत्र बसवलेले सुमारे ९८ हजार पेशंट, आणि त्यांच्या यंत्रातलीच हालचालीची नोंद. सगळ्यात जास्त हलणाऱ्या गटातले चार वर्षांनी साधारण ९० टक्के हयात होते, सगळ्यात कमी हलणाऱ्यांतले ५० टक्के. लगेच म्हाताऱ्यांना मैदानात पळवू नका हां, जो आधीच जास्त आजारी तो कमीच हलणार, हे त्यात आलंच. पण नजर ठेवायला चांगली खूण आहे.

हार्ट फेल्युअरवाल्यांसाठी प्रकरण आणखी पुढे गेलंय. बोस्टन सायंटिफिक कंपनीचं हार्टलॉजिक आहे, त्यात हाच अ‍ॅक्सिलरोमीटर हृदयाचे आवाजही ऐकतो, आणि ते आवाज, श्वास, रात्रीचे ठोके, छातीतलं पाणी असं सगळं मिळून एक आकडा काढतात. २०१७ च्या अभ्यासात त्याने तब्येत बिघडण्याच्या १० पैकी ७ प्रसंगांची आधी सूचना दिली, त्यातल्या निम्म्यांत ३४ दिवस किंवा त्याहूनही आधी. भारी आहे, पण हे आयसीडी आणि सीआरटी-डी (हृदयाच्या दोन्ही बाजू एका तालात चालवणारं शॉकवालं यंत्र) यांत मिळतं, साध्या पेसमेकरवाल्याने त्याची आशा धरू नये. आणि ती मायक्रा नावाची पेसमेकरची कॅप्सूल, वजन २ ग्रॅमच्या आसपास, वायर नसलेली, तिच्या २०२० साली अमेरिकेत मंजूर झालेल्या मॉडेलमध्ये तर हृदयाच्या आतच बसलेला सेन्सर वरच्या कप्प्याचं आकुंचन ओळखून खालच्याला ठोका देतो. वाचून मी थक्क झाले.

आता तक्रारी. एक म्हणजे रिपोर्ट. आमच्याकडे चेकअप म्हटलं की बॅटरी ठीक, लीड म्हणजे हृदयापर्यंतची वायर ठीक, पुढच्या तारखेला या, आणि आलेखाचं पान मशीनमध्येच राहतं. पहिल्या वेळी प्रिंट मागितली तर कंपनीचा माणूस असा बघायला लागला की जणू मी त्याच्या पगाराची स्लिप मागतेय. मागा तरी, न लाजता, आणि घरी फाईलला लावा, कारण पुढच्या वेळी दुसराच माणूस येतो.

दुसरी, घरून डेटा पाठवायची सोय. हल्लीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये उशाशी ठेवायचा मॉनिटर किंवा ब्लूटूथवर मोबाईल अ‍ॅप मिळतं, रात्री झोपेत डेटा जातो. विक्रीच्या वेळी याचं कौतुक फार, पण समोर बघणारं कोण आहे हे कोणी बोलत नाही. आमच्या गावी रेंज एका खिडकीतच येते आणि हॉस्पिटलात तो डेटा रोज बघायला माणूस नेमलेला नाही, तेव्हा ही इमर्जन्सी सेवा नाही हे डोक्यात पक्कं ठेवा. चक्कर आली तर गाडी काढायची, अ‍ॅपची वाट बघायची नाही.

जास्तीचे पैसे कोणी घालावे? ज्याचे ठोके श्रमाबरोबर वाढत नाहीत आणि जो अजून चालता-फिरता आहे त्याने डोळे झाकून. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला सेन्सरचा फारसा काही फायदा नाही, तिथे साधं घेतलेलं बरं, आणि डॉक्टरांना तसं थेट विचारायला हरकत नाही. पाचपैकी चार स्टार. एक कापला तो सर्व्हिसचा, सेन्सरचा नाही. आणि हो, मोबाईल पेसमेकरपासून १५ सेंटिमीटर लांब ठेवा म्हणतात, ब्लाउजमध्ये फोन खोचायची सवय असलेल्या आयांना हे चार-चारदा सांगायला लागतं.