गाडीच्या मीटरमधले (डॅशबोर्डवरचे) दिवे एलईडी केले, त्याला आठ महिने झाले. त्यातल्या एका दिव्याबद्दल सविस्तर

सगळे दिवे बदलून झाले त्या आठवड्यात हे लिहिलं असतं, तर भरभरून कौतुक केलं असतं. आता आठ महिने गाडी चालवल्यावर निम्मं कौतुक शिल्लक आहे. उरलेल्या निम्म्याच्या जागी बॅटरीच्या तांबड्या दिव्याबद्दल सांगायचं आहे.

गाडी बाबांनी १९९७ मध्ये घेतलेली, पेट्रोल, कार्ब्युरेटरची. २०२२ मध्ये आरटीओत पाच हजार भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, त्यामुळे ही गाडी एवढ्यात सोडायची नाही हे पक्कं. खर्च मात्र जपून.

गेल्या ऑगस्टमध्ये पुण्याहून माणगावला निघाले होते. ताम्हिणीच्या माथ्यावर चहाला थांबले, पुन्हा गाडी चालू केली आणि धुक्यातून, पावसातून हळूहळू खाली उतरले. हेडलाइट चालू, वायपर चालू, मागच्या काचेचा हीटर चालू, इंजिन जवळजवळ आयडलवरच, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता. निजामपूरला भाजी घ्यायला पाच मिनिटं बंद केली, तर परत सेल्फ नुसता टिक-टिक करून थांबला. दोघांनी धक्का दिला तेव्हा घरी पोचले. पुण्यात परतल्यावर नेहमीच्या गॅरेजमध्ये बॅटरी खराब म्हणून सांगितलं आणि ४,२०० रुपयांची नवी बसवली. ते पैसे मला अजून टोचतात, कारण जुनी बॅटरी बरी होती. मीटर कुणी पाहिलाच नव्हता.

बाबांची सवय होती, चावी ऑन करायची, सेल्फ मारायच्या आधी क्षणभर थांबायचं आणि तांबडे दिवे मोजायचे. ऑइल, बॅटरी, हँडब्रेक. तिन्ही लागले पाहिजेत. चालू गाडीत दिवा लागला तर घाबरायचं, पण बंद गाडीत लागला नाही तर जास्त घाबरायचं, असं ते म्हणत. नवी बॅटरी बसवून घरी आले, सवयीनं मोजले, तर दोनच. मग सप्टेंबरच्या एका रविवारी मीटर उघडायला बसले.

उघडणं अवघड नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. मग भोवतीची पट्टी, चार स्क्रू, मागून स्पीडोमीटरच्या केबलचं चाक हातानं सैल करायचं. मीटर बाहेर येतो तो तांब्याच्या रेषांच्या पातळ प्लॅस्टिक फिल्मसकट. इतक्या वर्षांनी ती फिल्म पापडासारखी झालेली असते, ओढायची नाही. होल्डर पाव फेरा फिरवला की सुटतो. दिवे दोन मापांचे निघाले, सूचनेचे टी-५ आणि मीटरच्या उजेडाचे टी-१०. बॅटरीचा दिवा आतून काळा झाला होता. फ्युएलच्या दिव्याची तार तुटली होती. हाय बीमचा दिवा चांगला होता, पण होल्डरच्या पत्र्यावर हिरवं चढलं होतं. तिथे खोडरबर फिरवला, लगेच लागला. म्हणून दिवे विकत घ्यायच्या आधी होल्डर पुसून बघा.

साध्या तारेचे दिवे नाना पेठेत दहा-पंधरा रुपयांना मिळतात. मी मात्र दहा एलईडींचं पाकीट घेतलं, साडेतीनशेला. एकदा बसवले की पुन्हा मीटर उघडायला नको, हा हिशोब. एलईडीला उलट-सुलट असतं, लागला नाही तर काढून फिरवून बसवायचा, त्यात दुपार गेली. तांबड्या काचेखाली पांढरा एलईडी फिका गुलाबी दिसतो, तिथे तांबडाच घ्या. संध्याकाळी पहिल्यांदा पार्किंग लाइट लावले आणि स्पीडोमीटरचा आकडा न् आकडा वाचता आला. मला खरंच भरून आलं. बाबा शेवटची काही वर्षं त्या पिवळट अंधारात डोळे बारीक करून चालवत होते.

पहिला महिना तक्रारी दोनच. हाय बीमची निळी टिकली रात्री डोळ्यांत घुसते. इंडिकेटरचा घोळ दुसऱ्याच दिवशी कळला. आमच्या मीटरमध्ये डाव्या-उजव्यासाठी एकच हिरवा दिवा आहे. तो डाव्या आणि उजव्या तारांच्या मध्ये जोडलेला असतो. डावं चालू असताना करंट एका बाजूनं येतो, उजवं चालू असताना उलट बाजूनं. तारेच्या दिव्याला फरक पडत नाही, एलईडी एकाच बाजूला लागतो. तिथे जुना दिवा परत लावला.

आता तो तांबडा दिवा. डिसेंबरच्या थंडीत लक्षात आलं की गाडी चालू झाली तरी बॅटरीचा दिवा विझत नाही. सोसायटीच्या गेटपर्यंत लागलेलाच. रस्त्यावर येऊन ॲक्सिलरेटर जोरात दाबला की पटकन विझतो आणि मग दिवसभर ठीक. मल्टीमीटर लावला. आयडलवर बॅटरीला १२.२ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग नाही, एकदा रेस केली की १४.१, म्हणजे चार्जिंग सुरू, आणि मग आयडलवरही १४ च्या वरच. गॅरेजमध्ये म्हणाले डायनॅमो (म्हणजे गाडीत वीज बनवणारा अल्टरनेटर) गेला, नवा टाका, साडेसहा हजार. ऑगस्टमधली बॅटरी डोक्यात होती, म्हणून मी नाही म्हटलं.

जानेवारीत डायनॅमोच्या आतले कार्बन ब्रश विचारायला नाना पेठेत गेले. दुकानाच्या पायरीवर एक वयस्कर वायरमन बसले होते. माझं सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, “ताई, मीटरमध्ये एलईडी टाकलेत का?”

“हो काका, सगळे.”

“मग बॅटरीचा तेवढा काढा. तो दिवा दाखवायला कमी आणि डायनॅमो उठवायला जास्त आहे.”

दहा रुपयांचा तारेचा दिवा घेतला आणि घरी येऊन बसवला. सेल्फ मारला, इंजिन लागताक्षणी दिवा विझला. मल्टीमीटर १४.१. रेस न करता.

कारण असं. अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या गुंडाळीला सुरुवातीला थोडा करंट लागतो, तेव्हा तिचं चुंबक बनतं आणि वीज तयार व्हायला लागते. आमच्यासारख्या जुन्या जोडणीत हा पहिला करंट चावीपासून त्या तांबड्या दिव्यातून जातो. अल्टरनेटरवर त्या तारेचं टोक लुकासच्या मशीनवर ‘इंड’, बॉशच्या मशीनवर ‘डी प्लस’ आणि जपानी मशीनवर ‘एल’ असं लिहिलेलं असतं. १.२ वॉटचा तारेचा दिवा सुमारे १०० मिलिअँपिअर जाऊ देतो, ३ वॉटचा २५०. माझा एलईडी जेमतेम १५. तेवढ्यात गुंडाळी जागी होत नाही. जोरात रेस केली की लोखंडात उरलेल्या जुन्या चुंबकत्वावर ती कशीबशी उठते. आणि एकदा उठली की इंजिन बंद होईपर्यंत स्वतःची वीज स्वतःच घेते. दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखे व्होल्ट येतात, म्हणून दिवा विझतो.

हे कळलं तेव्हा ताम्हिणीचाही उलगडा झाला. दिवा आधीच जळलेला होता, म्हणजे पहिला करंट शून्य. माथ्यावर पुन्हा चालू केल्यावर रेस झालीच नाही, अख्खा घाट मी बॅटरीवर उतरले, आणि ते सांगणारा दिवाच मेलेला होता. एक तांबडी टिकली जळली आणि तिच्यामुळे चांगली बॅटरी फेकली गेली.

काहींचं म्हणणं आहे की एलईडीच्या जोडीला समांतर रेझिस्टर लावा. तेही केलं. तपकीर गल्लीतून १२० ओहमचा, ५ वॉटचा आणला. चालतं, पण मीटरच्या मागे प्लॅस्टिक फिल्मजवळ तो तापलेला मला नको वाटला. काढून टाकला. नव्या गाड्यांत बहुतेक वेळा हा प्रश्न येत नाही, तिथे रेग्युलेटरला (डायनॅमोचे व्होल्ट ताब्यात ठेवणाऱ्या भागाला) वेगळी तार असते. जुन्या गाडीत एलईडी लावायच्या आधी वायरमनला ही एक गोष्ट विचाराच.

या दिव्याचं आणखी एक. चालत्या गाडीत तो लागला तर नुसतं चार्जिंग गेलं असं समजून पुढे जाऊ नका. आमच्या इंजिनात डायनॅमो फिरवणाऱ्या पट्ट्यावरच पाण्याचा पंप आहे. पट्टा तुटला असेल तर दहा मिनिटांत इंजिन तापेल. आधी बाजूला घ्या, बॉनेट उघडा.

बाकी एलईडी टिकले आहेत. दहापैकी एक मार्चमध्ये लुकलुकायला लागला, होल्डरची पत्ती वाकवून ठीक झाला. मीटरचा उजेड, ऑइल, हँडब्रेक आणि फ्युएल, इथे ते राहतील. हँडब्रेकचा दिवा ब्रेक ऑइल कमी झालं तरीही लागतो, त्यामुळे तो झगझगीत असलेला मला हवाच आहे. बॅटरी, इंडिकेटर आणि हाय बीमला तारेचे. निळी टिकली आता पूर्वीसारखी मऊ दिसते.

गेल्या आठवड्यात परत ताम्हिणीनं गेले. माथ्यावर चहा घेतला, चावी ऑन केली आणि मोजले. ऑइल, बॅटरी, हँडब्रेक. तिन्ही लागले. बॅटरीचा थोडा पिवळसर, बाकी दोघांपेक्षा मंद. सेल्फ मारला, तो विझला.