मागच्या सस्पेन्शनचे नवे बोल्ट : पावसाळा आणि उसाचा हंगाम काढल्यानंतर

आधी निकाल सांगतो. माझ्या जुन्या दोन सीटर गाडीच्या मागच्या टो लिंकला बोल्ट, नट आणि बुश (सांध्यातली रबरी गादी) असा नवा संच बसवला. त्यानंतर गगनबावड्याचा पाऊस झाला, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले रस्तेही झाले. बोल्ट जागचे हललेले नाहीत. माल चांगला आहे, महाग आहे, आणि निम्मं श्रेय बसवणाऱ्याचं आहे.

टो लिंक म्हणजे मागच्या चाकाची दिशा धरून ठेवणारा बारीक दांडा. माझ्या गाडीत त्याचं आतलं टोक सबफ्रेमला, म्हणजे सस्पेन्शन जोडलेल्या सांगाड्याला, एकाच बाजूनं बोल्टवर टांगलेलं आहे, दोन कानांच्या मध्ये धरलेलं नाही. त्यामुळे पकड ढिली झाली की बोल्ट सतत वाकत राहतो. जुना बोल्ट कळे गावाच्या पुढे एका गतिरोधकावर तुटला. टण् असा आवाज आला आणि मागचं डावं चाक आपल्या मनानं वळलं. स्टिअरिंग सरळ, गाडी तिरकी. वेग नव्हता आणि घाट अजून पुढे होता, एवढंच म्हणतो.

तुटलेला तुकडा घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका जुन्या लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी तो पुसला, उजेडात धरला. तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग गुळगुळीत आणि तपकिरी, त्यावर शिंपल्यासारख्या वळ्या. कडेला फक्त नखाएवढी कोर ताजी, चमचमती, खरबरीत. म्हणजे चीर जुनी होती, आत पाणी जाऊन गंजली होती, आणि शेवटी उरलेली ती कोर गतिरोधकावर सुटली. एवढ्याशा कोरीनं तोवर गाडी पेलली, म्हणजे बोल्ट ताकदीला कमी नव्हता. बोल्टच्या दांड्यावर लालसर भुकटी आणि घासून आलेली चकाकी होती. मिस्त्री म्हणाले, "बोल्ट आधी हललाय. तुटायचं मागनं झालं." मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात कामाचं वाक्य हेच वाटतं.

यानंतर ज्याला त्याला सल्ला द्यायचा होता. "१२.९ चा ॲलन बोल्ट टाक भावा, नाद खुळा!" ऐकायला बरं वाटतं. हे बोल्टच्या ताकदीचे दर्जे : ८.८ म्हणजे साधारण ८०० मेगापास्कल ताण सोसणारा, १०.९ म्हणजे १०००, १२.९ म्हणजे १२००. एकदाच ओढून तोडायचं असेल तर हे आकडे बरोबर. पण सतत हलत्या ताणाखाली या तिन्हींच्या आट्यांची सहनशक्ती जवळपास सारखीच असते. शिवाय इतक्या कडक पोलादाला विजेवर जस्ताचा मुलामा दिला तर त्यात हायड्रोजन शिरतो, आणि नीट भाजून तो काढला नसेल तर बोल्ट घट्ट केल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी आपोआप तडकू शकतो. मुलामा नसलेला काळा बोल्ट घ्यावा, तर गगनबावड्याचा पाऊस त्याला एका हंगामात खातो.

ईएन २४ या मिश्र पोलादाच्या सळईतून हुबेहूब बोल्ट करून देणारे हात उद्यमनगरात पुष्कळ आहेत. पण लेथवर कापलेल्या आट्यांपेक्षा दाबून वळलेले आटे थकव्याला, म्हणजे सतत हलत्या ताणाला, जास्त टिकतात. म्हणून मी मूळ मापाचा १०.९ चा संच पुण्याहून मागवला. त्यावर जस्ताच्या पापुद्र्यांचा राखाडी लेप आहे, त्यात हायड्रोजनची भानगड नाही. डोक्यावर १०.९ आणि बनवणाऱ्याची खूण, दोन्ही ठसठशीत. ही खूण नसलेला बोल्ट या जागी फुकट मिळाला तरी घेऊ नका.

बसवताना खरा घाम निघाला. उजवीकडचा जुना बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला. तेल, हातोडा, शिव्या, सगळं झालं. शेवटी ग्राइंडरनं कापला. बुश ओढून काढायला मिस्त्रींनी पाइपचा तुकडा मापात खरादून दिला आणि चहाखेरीज काही घेतलं नाही. सबफ्रेमच्या ज्या तोंडावर लिंक टेकते तिथं झिजून खड्डा पडला होता. ते तोंड सपाट करून घेतलं. ते तसंच ठेवलं असतं तर नवा बोल्टही त्याच वाटेनं गेला असता.

पाना फिरवताना लावलेल्या जोरापैकी साधारण दहावा हिस्साच बोल्टला ताणतो, बाकीचा डोक्याखाली आणि आट्यांत घर्षणात जातो. त्यामुळे आट्यांत गंज असेल तर टॉर्क पाना (ठरवलेला जोर आला की आवाज देणारा) "कट्" म्हणतो, पण पकड आलेलीच नसते. आधीच्या गॅरेजनं गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना इम्पॅक्ट गननं बोल्ट आवळले होते. रबरी बुश असा आवळला की गाडी जमिनीवर आल्यावर तो कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. या वेळी गाडी चाकांवर उभी करून, मॅन्युअलमधल्या आकड्याला, हातानं आवळलं. मग अलाइनमेंट, आणि नट फिरला तर कळावं म्हणून नटावरून सबफ्रेमवर पांढऱ्या रंगाची एक रेघ.

ती रेघ अजून अखंड आहे. मागच्या टायरांची आतली कड पूर्वी खाल्ली जायची, ती आता सारखी झिजते. पन्हाळ्याच्या वळणांवर ॲक्सिलरेटर सोडला की मागून एक हलका झोला यायचा. वय झालं गाडीचं, म्हणून मी त्याकडे काणाडोळा करत होतो. तो गेला.

तक्रारी आहेतच. सॉकेट लागतो तिथं डोक्याच्या कडांचा लेप उडालाय आणि तिथं गंजाचे ठिपके दिसतात. ताकदीला फरक नाही, डोळ्याला खुपतं. नवे बुश मुळापेक्षा जरा कडक आहेत, रंकाळ्याकडच्या खडबडीत रस्त्यावर ते पाठीला कळतं. आणि किमतीच्या मानानं एक गोष्ट खटकली : हे नट एकदाच वापरायचे, तरी संचात एकही जादा दिलेला नाही. बोल्ट सोडून बघायची वेळ आली की पुन्हा पुण्याला फोन. मी दोन नट आताच मागवून डॅशबोर्डच्या खणात टाकलेत.