रामिप्रिल की टेल्मिसार्टन?

बीपीसाठी दोन्ही गोळ्या मी घेतल्यात. रामिप्रिल पाच महिने, त्यानंतर आजतागायत टेल्मिसार्टन. बीपी दोन्हींनी आटोक्यात आलं. त्यात डावं-उजवं करणार नाही.

अँजिओटेन्सिन-२ हे रसायन रक्तवाहिन्या आवळतं. रामिप्रिल ते तयार करणारं एन्झाइमच अडवते. टेल्मिसार्टन ते तयार होऊ देते, पण त्याला चिकटायची जागा आधीच अडवून बसते. आता तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाच्या रसायनाचा निचराही करतं. एन्झाइम अडलं की ब्रॅडिकायनिन साचतं आणि काहींना कोरडा खोकला लागतो. रामिप्रिलच्या घराण्यातली थोरली कॅप्टोप्रिल ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरून सुचली, आणि त्या विषाचा गुणही ब्रॅडिकायनिन टिकवण्याचाच होता.

खोकला लागणाऱ्या त्या काहींमध्ये मी निघालो. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात मुंगी फिरल्यासारखी खवखव. मुंबईत खोकला म्हटला की आधी धूळ, मग टीबी. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं, एक्स-रे झाला. थुंकी तपासायला डबी दिली, तर तिच्यात टाकायला काही येईना. दादरपर्यंत लोकलमध्ये तोंडावर रुमाल धरून बसायचो. शेजारचा उठून दाराशी जायचा. रात्री दोनला पलंगाच्या कडेला खोकत बसलो की बायकोही उठून बसायची. इतक्या महिन्यांत डॉक्टरांना गोळीचा संशय आला नाही, याचा राग अजून आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी बघितली आणि गोळी बदलली. तीन आठवड्यांत खोकला गेला.

माझा एकट्याचा अनुभव कितीसा धरायचा, हे मान्य. पण २००८ च्या ऑनटार्गेट अभ्यासात, पंचवीस हजारांवर रुग्णांत, हार्ट अटॅक आणि पक्षाघात टाळण्यात टेल्मिसार्टन रामिप्रिलच्या मागे पडली नाही. खोकल्यामुळे गोळी सोडणारे मात्र रामिप्रिलकडे ४.२ टक्के, टेल्मिसार्टनकडे १.१. दोन्ही एकत्र दिल्यावर फायदा वाढला नाही, त्रास वाढला.

रामिप्रिल सोसत असेल तर ती बदलायचं मला तरी कारण दिसत नाही. अटॅकनंतर हृदय कमजोर झालेल्यांत तिचा अनुभव जुना आणि भक्कम आहे. रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं) दोन्हींत तपासावं लागतं, गरोदरपणात दोन्ही वर्ज्य.

नव्याने सुरू करणार असाल, तर टेल्मिसार्टन चालेल का हे डॉक्टरांना जरूर विचारा. रामिप्रिल चालू असताना खोकला लागला, तर गोळी मनाने बंद करू नका; एक्स-रेसोबत ती पट्टीही त्यांच्यासमोर ठेवा.