दुनळीचा उजवा बार: दीड वर्षाच्या वापरानंतर

साडेचार हजार रुपये. दुरुस्तीवाल्याने हा आकडा सांगितला तेव्हा माझी बंदूक त्याच्या टेबलावर उघडी पडली होती आणि उजव्या नळीत रिकामं काडतूस तसंच रुतून बसलेलं होतं. "इजेक्टरच्या दोन्ही स्प्रिंगा गेल्यात." (इजेक्टर म्हणजे रिकामं काडतूस बाहेर फेकणारी यंत्रणा.) त्याने नळीत एकदाही डोकावून पाहिलं नाही. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

बंदूक बारा बोअरची दुनळी, दोन चापांची, फेब्रुवारी 2024 मध्ये शेतीसंरक्षण परवान्यावर जुनी घेतलेली. काजूत आणि केळीत केलडी (माकडं) उतरतात, त्यांना पळवण्यापुरता आवाज काढायचा, एवढंच काम. वजन, तोल, दस्ता, सगळं छान. पण मी जास्तीचे पैसे मोजले ते इजेक्टरसाठी. साधी बंदूक उघडली की काडतूस जेमतेम वर येतं, मग नखाने ओढत बसायचं. इजेक्टरवाली उडालेलं, म्हणजे बार झालेलं, काडतूस स्वतः बाहेर फेकते आणि न उडालेलं नुसतं उचलून धरते. डाव्या-उजव्या नळीसाठी इजेक्टरचा पाय (काडतुसाला ढकलणारा तुकडा) वेगळा, त्यामुळे एकच बार काढला असेल तर तेवढंच बाहेर पडतं. केलड्यांचा कळप माडावरून माडावर जात असताना ही सोय किती मोलाची, हे बागायतदाराला सांगायला नको.

पहिले काही महिने ती टकाटक फेकत होती. लोकसभा निवडणुकीच्या वेळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, निकालानंतर पाऊस सुरू होता होता परत मिळाली. विधानसभेला ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा जमा. दोन्ही वेळा कॅनव्हासच्या पिशवीत, आणि पिशवी दमट. डिसेंबरात उजवं काडतूस अडकायला लागलं. आधी पाचात एक, मग दोनात एक. डावं मात्र व्यवस्थित.

माझा पहिला संशय काडतुसांवर. त्या वेळी स्वस्तातली एक पेटी घेतली होती. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काडतुसाच्या बुडाला लावलं तर चिकटलं, म्हणजे पितळी रंगाखाली पोलाद. बार झाल्यावर काडतूस फुगून नळीच्या भिंतीला टेकतं आणि मग आकसतं. पितळ चांगलं आकसतं, पोलाद कमी. झालं, चोर सापडला असं मला वाटलं. चुंबक न चिकटणारी महाग काडतुसं आणली. ती कमी अडकली, पण अडकलीच. प्रत्येक काडतुसाचा हिशोब वहीत ठेवणाऱ्या माणसाला हे किती लागतं!

मग कोल्हापूरची ती फेरी, आणि तो आकडा.

परत आल्यावर गावातल्या सुभेदारकाकांकडे गेलो. सैन्यात त्यांचं आयुष्य हत्यारांच्या दुरुस्तीत गेलं. ते एवढंच म्हणाले, "आधी नळयेत बघ, मगे स्प्रिंगेक दोष दी."

आधी त्यांनी गजाने नळीच्या तोंडाकडून रिकामं काडतूस ढकलून काढलं. (स्क्रू ड्रायव्हरने कड उचकटू नका, कड फाटते आणि इजेक्टरचा पाय वाकतो. काडतूस उडालेलं आहे याची खात्री असल्याशिवाय तर गज घालूच नका.) मग सरावाची नकली काडतुसं दोन्हीकडे भरली, चाप ओढले, बंदूक उघडली. दोन्ही सारख्या जोराने बाहेर फेकली गेली, चार हात लांब! म्हणजे स्प्रिंगा जिवंत. नंतर डावीकडचं वापरलेलं काडतूस डाव्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) सोडलं तर बोट न लावता आत गेलं. तेच उजवीकडे बोटभर अलीकडे थांबलं. टॉर्च मारल्यावर तिथे काळपट कडं दिसलं: जळलेलं प्लास्टिक, दारूची काजळी आणि गंजाची खरखर.

उजवीकडेच का? पुढचा चाप उजव्या नळीचा, आणि एकच बार काढायचा तेव्हा बोट पुढच्यावरच जातं. माझ्या वहीप्रमाणे चारांतले तीन बार उजवे. डावी नळी मुळात वापरलीच कमी जात होती.

उपाय स्वस्त निघाला. दहा बोअरचा ब्रॉन्झचा ब्रश घेतला. बाराच्या चेंबरमध्ये तो घट्ट बसतो, म्हणून नीट खरवडतो. काजळी सुटायला सॉल्व्हंट लावून रात्रभर ठेवलं, सकाळी ब्रश गोल फिरवला, मग त्यावर सगळ्यात बारीक स्टील वूल गुंडाळून हलका हात. पॉलिश पेपर लावू नका, चेंबरचं माप बिघडतं. शेवटी कोरडं फडकं, कारण तेलकट चेंबरमध्ये काडतूस भिंतीला धरत नाही आणि धक्क्याचा सगळा भार बंदुकीच्या सांध्यावर येतो. पोलादी बुडाची उरलेली काडतुसंही सुटसुटीत निघाली. त्या पेटीला मी उगाच नावं ठेवली होती.

हा मजकूर तेव्हाच लिहिला असता तर इथेच थांबलो असतो. पण जानेवारीत पहाटे पुन्हा तेच. या वेळी काडतूस रुतलेलं नव्हतं, अर्धवट वर येऊन सुस्त थांबत होतं, आणि दोन्हीकडे. दुपारी घरी तपासावं तर टणकन उडे. चार दिवस डोकं पिकलं. मग सकाळी न्हाणीघरातल्या बाटलीत थिजलेलं खोबरेल पाहिलं आणि उलगडलं. आमच्याकडे कोयत्यापासून कडीपर्यंत सगळ्याला खोबरेल, तसं ते इजेक्टरच्या पायांनाही मीच लावलेलं. 24 अंशांखाली ते गोठतं, शिवाय जुनं होऊन चिकट झालेलं. पाय पुसून काढले, बंदुकीच्या पातळ तेलाचा एकेक थेंब दिला. तेव्हापासून पहाटेचाही त्रास गेला.

फेब्रुवारी 2025 पासून वहीत उजवे 31 बार आहेत, एकही अडकलेला नाही. ब्रश, सॉल्व्हंट, तेल मिळून खर्च हजाराच्या आत. आता प्रत्येक वापरानंतर दोन मिनिटं चेंबर पुसतो, आणि यापुढे जमा करायची वेळ आली तर कोरड्या सुती कापडात गुंडाळून देणार. कॅनव्हासची पिशवी टाकून दिली.