मार्व्हल अनलिमिटेड: तीन महिने शिळे अंक आणि बाप झालेला स्पायडरमॅन

परभणीत अमेरिकन कॉमिक्सचा सुटा अंक मिळणं अवघडच. पुण्याला कोणी निघालं तर त्याला सांगायचं, नाहीतर जाडजूड संग्रह ऑनलाइन मागवायचे. म्हणून मार्व्हल अनलिमिटेडची, म्हणजे मार्व्हलचे कॉमिक्स मोबाइल-टॅबवर वाचायच्या अ‍ॅपची, वर्गणी भरली. आता बरेच महिने वापरून झालंय.

आधी खटकणारं सांगतो. छापील अंक निघाल्यावर तो इथं यायला साधारण तीन महिने लागतात. एरवी याचं काही वाटलं नसतं, पण 'अल्टिमेट स्पायडरमॅन'मध्ये दर अंकाला कथेतलाही महिना सरतो. तिकडचा डिसेंबर आपण इकडं ऊन तापल्यावर, कूलरसमोर बसून वाचायचा.

तरी मालिका लई आवडली. जानेवारी 2024 ला सुरू झाली. लेखन जोनाथन हिकमनचं, चित्रं बहुतेक मार्को चेकेट्टोची. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, इथं पस्तिशीतला, मेरी जेनशी संसार, दोन लेकरं. मूळ कथेत मेलेले त्याचे बेनकाका इथं जिवंत आहेत, आणि पत्रकार जेमसनला सोबत घेऊन स्वतःचं वर्तमानपत्र काढतात. चौथ्या अंकात पार्कर आणि ऑस्बोर्न जोडपी जेवायला बसतात आणि बहुतेक अंक गप्पांतच जातो. कोणी म्हणेल पैसे वाया गेले. मला तोच सगळ्यात जमलेला वाटला, कारण घरात काय लपवायचं आणि किती सांगायचं हा पेच तिथं खरा वाटतो. पुढं खलनायक किंगपिनचं प्रकरण मात्र फार ताणलंय राव.

'अल्टिमेट्स' या त्याच विश्वातल्या सुपरहिरोंच्या चमूच्या मालिकेत लेखक डेनिझ कॅम्पने कमाल केलीय. चौथ्या अंकात रीड रिचर्ड्स या शास्त्रज्ञाच्या आयुष्यातले चार काळ पानावर शेजारीशेजारी चालतात. हा अंक मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून वाचला की सगळी मजा गेली. शेजारच्या चौकटीत त्याच माणसाचं काय झालंय हे दिसतच नाही. टॅबवर पूर्ण पान उघडूनच वाचा. एरवी चौकटीचौकटीने वाचायची सोय चांगली आहे, कारण सहा इंची पडद्यावर फुग्यांतली अक्षरं डोळ्यांना त्रास देतात.

'अल्टिमेट ब्लॅक पँथर' चाळला, मन रमलं नाही.

लाइट गेली की वायफायही जातं, त्यामुळं अंक आधीच उतरवून ठेवतो. ती सोय चोख चालते. पैशाचं म्हणाल तर वर्गणी डॉलरमध्ये आहे आणि माझ्या बँकेचं कार्ड अधूनमधून व्यवहार नाकारतं, मग पुन्हा सगळी खटपट. वाचन भरपूर असेल तरच परवडतं. महिन्याला दोन-तीनच अंक वाचणाऱ्याने संग्रह निघेपर्यंत थांबावं.

पीच मोमोकोचं 'अल्टिमेट एक्स-मेन' जपानमध्ये घडतं. शाळकरी हिसाको, जलरंगी चित्रं आणि भुताटकी. माझ्यासाठी जरा संथ. पण घरात ते आता बायको वाचते. कथा कळतीय का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "चित्रं बघतेय, मधी बोलू नका."